मशीन कपडे घुसळत नाही, आणि तुम्ही बदललात बोर्ड

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: टॉप लोड वॉशिंग मशीनमधली तळाची कपडे घुसळणारी चकती फिरत नाही, चुकीचं निदान करून बदललेल्या बोर्डचे (मशीनच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचे) पैसे परत मिळणेबाबत

नमस्कार,

तुमच्याकडे माझी ही तिसरी तक्रार. आधीच्या दोन्ही तुमच्या सिस्टिमने परस्पर 'सोडवली' म्हणून बंद केल्या, वर पाच स्टार द्या असा मेसेजही आला. म्हणून आता फोनवर एक दाबा, दोन दाबा करत न बसता सगळं लिहूनच देते, जरा मोठं होईल पण शेवटपर्यंत वाचा.

मशीन फुल्ली ऑटोमॅटिक, टॉप लोड, 6.5 किलोचं. पाणी बरोबर लेव्हलपर्यंत घेतं, बाहेरही सोडतं, शेवटी कपडे मस्त पिळून देतं. फक्त मधलं मुख्य काम करत नाही. धुवायची वेळ आली की खालून मोटरचा घुर्र, थांब, परत घुर्र असा आवाज येतो, अधूनमधून कटकट वाजतं, आणि कपडे मात्र पाण्यात जसे टाकले तसेच पडून. पावडर एका कोपऱ्यात गोळा झालेली. सासूबाई म्हणाल्या, नुसते भिजवायचेच असतील तर बादली काय वाईट होती.

तुमचा टेक्निशियन आला. मी शेजारीच उभी होते त्यामुळे त्याने काय केलं ते सगळं बघितलंय. त्याने टब रिकामा करायला लावला, पाणी भरून मशीन चालू केलं, चकती जरा अडखळत का होईना पण फिरली. मग म्हणाला, मॅडम बोर्ड मधेच सिग्नल सोडतोय, बोर्ड बदलावा लागेल. चकतीचा स्क्रू उघडणं लांबच, साधा हात आत घालून ती हलवूनसुद्धा बघितली नाही. दोन दिवसांनी नवीन बोर्ड बसवला, परत रिकामंच चालवून दाखवलं, जुना बोर्ड पिशवीत घातला आणि गेला. त्याच दिवशी कपडे टाकले, परत तेच, घुर्र आणि शांतता.

दुसऱ्यांदा फोन केला तर तुमच्याकडच्या बाई म्हणतात आता गिअरबॉक्स (मोटरचं फिरणं चकतीपर्यंत नेणारा भाग) खराब असेल, आणि तुम्ही कपडे जास्त भरत असाल. एकदोनदा जाड ब्लँकेट टाकलंय, खोटं कशाला बोलू. पण रोजचे कपडे अर्ध्या टबाच्या वर कधी जात नाहीत.

मग म्हटलं आपणच बघू. मी काही मेकॅनिक नाही पण साधा विचार करता येतो ना. पिळताना टब याच मोटरवर, याच बेल्टवर फिरतो. कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा पार्ट) गेला असता तर मोटर नुसती गुणगुणत बसली असती आणि पिळणंही बंद पडलं असतं. बोर्ड एका बाजूचा सप्लाय देत नसता तर मोटर एकाच दिशेला फिरली असती, इथे तर डावी उजवी दोन्हीकडे फिरल्याचा आवाज नीट ऐकू येतो. बेल्ट ढिला असेल तर मात्र कपड्यांचा भार आला की घसरतो, म्हणून तोही तपासला: प्लग काढून, सगळं पाणी काढून, मशीन भिंतीला तिरकं टेकवलं आणि खालून बेल्ट दाबून बघितला. चांगला ताठ होता, भेगा नाहीत, काळी भुकटी नाही.

राहिली चकती, तिला तुम्ही पल्सेटर म्हणता. मधलं टोपण काढलं, स्क्रू काढला, पण साबणाचा थर बसून ती इतकी चिकटली होती की शेवटी तिच्या भोकांतून दोन लेस ओवून समोरासमोरून ओढल्या तेव्हा सुटली. खाली एक हेअरपिन, दोन बटणं, आणि पांढऱ्या प्लास्टिकचा चुरा. चकती उलटी केली. मधल्या भोकाला आतून दाते असतात, ते शाफ्टच्या, म्हणजे खालून येणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, दात्यांत अडकतात आणि म्हणून चकती शाफ्टबरोबर फिरते. आमच्या चकतीत बोट घालून फिरवलं तर दाते लागतच नाहीत, भोक गोल गुळगुळीत झालंय, बाटलीच्या तोंडासारखं. शाफ्टचे दाते स्टीलचे, ते अजून धारदार आहेत.

खात्री म्हणून चकती बाहेर ठेवूनच थोडं पाणी भरून मशीन चालू केलं (आमच्या मॉडेलला धुताना झाकण उघडं चालतं, पिळताना नाही), हात बाहेर ठेवला आणि बघितलं. पाण्याखाली शाफ्ट डावीकडे, उजवीकडे अगदी व्यवस्थित फिरत होता. म्हणजे बोर्डापासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं चालतंय, शेवटचं एक प्लास्टिक झिजलंय. रिकाम्या टबात स्क्रूच्या दाबाने ती कशीबशी फिरते, ओले कपडे वर आले की घसरते. तुमच्या माणसाने टेस्ट करताना आत चार टॉवेल टाकले असते तरी हे पाच मिनिटांत कळलं असतं.

मला चीड पार्ट झिजल्याची नाहीये. वस्तू झिजते, ठीक आहे. चीड याची आहे की सगळ्यात साधा पार्ट कुणी उघडून बघितला नाही आणि सगळ्यात महाग पार्ट आधी बदलला. आणि अजून एक, मशीनवर मोटरला 10 वर्षं वॉरंटी असं एवढं मोठं स्टिकर लावलंय, मोटर ठणठणीत आहेच, पण तिचं फिरणं कपड्यांपर्यंत पोचवणारा पार्ट प्लास्टिकच्या दात्यांवर, त्याचा वॉरंटी कार्डात कुठे उल्लेखच नाही.

वर तुमच्याकडून चकती सुटी मागितली तर म्हणे पार्ट थेट ग्राहकाला देत नाही, व्हिजिट बुक करा, व्हिजिट चार्ज लागेल. चुकलात तुम्ही आणि परत यायचे पैसे मी द्यायचे?

तर माझं म्हणणं असं: बोर्डचे आणि पहिल्या व्हिजिटचे पैसे परत करा. जुना बोर्ड चांगला होता, तो मला न विचारता नेला, तो कुठे आहे ते लेखी कळवा. चकती माझ्या मॉडेलची द्या, तिचे जे योग्य पैसे असतील ते मी देईन, त्याला ना नाही, पण बसवायला येण्याचा चार्ज देणार नाही. आणि मी स्वतः काम झालं असं म्हणेपर्यंत ही तक्रार बंद करू नका. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाईन, दोन्ही जॉबशीट आणि चकतीचे फोटो सोबत जोडलेत तेच तिकडेही जोडीन.

झिजलेली चकती आणि तो पांढरा चुरा एका डबीत घालून ठेवलाय, फेकणार नाही. ज्याला पाठवाल त्याला टब रिकामा करायला सांगू नका, कपडे मी आधीच भिजवून ठेवीन.

तुमची ग्राहक
(नाव, नंबर आणि मॉडेल आधीच्या दोन्ही तक्रारींत आहे)