वरच्या खोलीतल्या पोरीस, आभाराचं पत्र

त्रिमूर्तीनगर, नागपूर

चि. वरच्या खोलीतल्या पोरीस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र कोणालाही वाचता येईल असं उघडंच लिहून राहिलो. तू जे केलंस ते चार घरांत कळावं अशी माझी इच्छा आहे. शिवाय समोर येऊन आभार मानायला गेलो की "काका, त्यात काय एवढं" म्हणून तू जिना चढून जायचीस. आता तू पुण्यात आहेस, तिथून कुठला जिना चढशील?

पोस्टातून रिटायर झालेला माणूस आहे मी. पत्र लांबणार, हे गृहीत धर.

मे महिन्यात रात्रीचे नऊ वाजले की आमचं नेट रडायला लागायचं. बंगलोरहून नातवाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि ऐन कवितेत त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. तुझी काकू म्हणायची, पोराला दम लागला वाटतं. मी मात्र ठरवूनच बसलो होतो की शेजारचा पोरगा आपलं नेट चोरतो. पुरावा काय, तर तो संध्याकाळी गच्चीवर आमच्या बाजूच्या कठड्याला टेकून मोबाईल बघत बसतो. एकदा त्याला म्हटलंही, "काय रे, आमच्याच कठड्यापाशी रेंज चांगली येते वाटतं?" त्याला काही समजलं नाही, पण त्याच्या आईला बरोबर समजलं, आणि आठ दिवस त्या घरून विरजण मागायला कोणी आलं नाही.

त्या रविवारी तू भाडं द्यायला खाली आलीस. रात्रपाळी करून मिहानहून आलेली, डोळे लाल. मी तुला तशीच उभी ठेवून सगळी फिर्याद ऐकवली. तू म्हणालीस, "काका, भांडायचं तर भांडू, पण आत कोण कोण बसलं आहे ते आधी बघू तर खरं." मग पासवर्ड विचारलास आणि मी तोंड उघडायच्या आत हात वर केलास. "नको, सांगू नका. कसा आहे तेवढंच सांगा." मी म्हटलं, अगदी सोपा, माझा मोबाईल नंबर. लाइन जोडायला आलेल्या मुलानेच टाकून दिला होता, विसरायला नको म्हणून.

तू काही बोलली नाहीस. चपला घालून गेटपाशी गेलीस आणि तिथून हाक मारलीस, "काका, जरा इकडे या."

गेटवर माझीच पाटी. 'खोली भाड्याने देणे आहे', आणि खाली वीतभर उंचीचे दहा आकडे. तू स्वतः तीच पाटी वाचून आली होतीस. खोली भरली, पाटी काढायची राहून गेली, ती दोन वर्षं राहिली. घराची किल्ली मी स्वतःच्या हाताने गेटवर रंगवून ठेवली होती, पिवळ्यावर काळ्या रंगात, रस्त्यावरून दिसावी म्हणून! तू हसली नाहीस. मी असतो तर हसलो असतो.

पाटी नसती तरी फार काही बिघडायचं राहिलं नसतं, हेही तूच सांगितलंस. फोन वायफायला जोडला जातो तेव्हा त्याच्यात आणि राउटरमध्ये जी ओळख पटवापटवी होते, ती बाहेर गाडीत बसलेला माणूस हवेतून टिपून घेऊ शकतो. ती घेऊन तो घरी जातो आणि आपल्या कॉम्प्युटरला एकेक पासवर्ड लावून बघायला बसवतो. आपल्याकडचे मोबाईल नंबर सहा, सात, आठ नाहीतर नऊनेच सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी. मला तो आकडा सेमिनरी हिल्सच्या टेकडीएवढा वाटला. चांगल्या कॉम्प्युटरला काही तासांचं काम, तू म्हणालीस, आणि तोवर आपल्या राउटरला गंधही नसतो, कारण खटपट सगळी त्या माणसाच्या घरी चाललेली असते.

मग आपण राउटरच्या आतल्या पानावर गेलो. १९२.१६८.१.१, हा पत्ता आता मला आमच्या जुन्या क्वार्टरच्या पत्त्यासारखा पाठ आहे. तिथं नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. वायफायच्या पासवर्डाशिवाय घराला हे आणखी एक कुलूप असतं हेच मला ठाऊक नव्हतं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड लावून लावून ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या, हे तू सांगितलंस तेव्हा काकूने पहिल्यांदा पोळ्या लाटायचं थांबवलं. "आणि ज्यांचे कॅमेरे होते त्यांना?" तिने विचारलं. "त्यांना काही कळलं नाही काकू, त्यांचे कॅमेरे आपले चालूच."

आपल्या वायफायला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी तिथंच दिसली, त्यात अकरा जण निघाले. सात मी ओळखले. उरलेल्या चारांसाठी तू घरातली एकेक वस्तू बंद करायला लावलीस, जसा पूर्वी फ्यूज शोधायचो तसा. टीव्ही बंद केला, एक नाव गेलं. ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावून विसरलेला नातवाचा खेळायचा फोन सापडला, दुसरं गेलं. तिसरं होतं 'ईएसपी' आणि पुढे काहीबाही आकडे. मला ते नावच गुप्तहेराचं वाटलं. हाच तो, मी म्हटलं. तू खोलीभर नजर फिरवलीस आणि कूलरकडे बोट केलंस. पोरगा होळीला आला तेव्हा त्याने कूलरच्या पंपाला वायफायचा प्लग बसवून दिला होता, बंगलोरहून चालू-बंद करता यावा म्हणून. प्लग काढला, गुप्तहेर गायब. पंधरा दिवस मी ज्याच्यावर डोळा ठेवून होतो तो बिचारा वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टाकून मलाच गार करत होता.

चौथा कोण, ते काही सापडलं नाही. मी म्हटलं, शोधूच. तू म्हणालीस, "नाव कळून काय करणार काका? फार तर पुन्हा भांडाल. दार लावा, आपोआप बाहेर जाईल." आणि झालंही तसंच. पासवर्ड बदलल्यापासून तो परत दिसला नाही. शेजारचा पोरगा होता की आणखी कोणी, हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं आहे.

आता डब्ल्यूपीएसच्या पिनबद्दल लिहितो, कारण त्यात मला माझं अख्खं आयुष्य दिसलं. राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला आठ आकडी पिन. तो टाकला की पासवर्डाशिवाय आत जाता येतं. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, भक्कम वाटतं. पण त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, आणि राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो. पहिले चार चुकले की लगेच सांगतो, चुकलं. म्हणजे पहिल्या तुकड्याला फार तर दहा हजार प्रयत्न, दुसऱ्याला हजार. दहा कोटींचे झाले अकरा हजार. २०११ च्या डिसेंबरात ही खोट जाहीर झाली.

तू सांगत होतीस आणि मी मनात सॉर्टिंगला बसलो होतो. आमचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो रचला. ते संस्कृतातले कवीही होते, बरं का. सहा आकडे, पण सहाच्या सहा एकदम कोणी वाचत नाही. पहिला ४ दिसला की टपाल आपल्या भागाकडे. पहिले तीन ४४० दिसले की नागपूरच्या खणात. शेवटचे तीन बघायचे ते कोणत्या पोस्ट ऑफिसला द्यायचं त्यासाठी. तुकड्यातुकड्याने वाचता येतो म्हणून तर पिनकोड कामाचा! पोस्टाची जी सोय तीच कुलपाची खोट, हे कळलं आणि ते डब्ल्यूपीएस मी स्वतःच्या बोटाने बंद केलं. "काका, तुम्हाला आमच्या ऑफिसात घ्यायला पाहिजे," तू म्हणालीस. ते वाक्य काकूने आतापर्यंत तीन नातेवाइकांना सांगितलं आहे.

मग पासवर्ड. मी काकूचं नाव आणि लग्नाचं साल टाकायला निघालो होतो. तू म्हणालीस, एकमेकांशी काही नातं नसलेले चार-पाच शब्द घ्या, लांब होऊ द्या, त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतं. आणि मी टाइप करायला लागलो तसं तू तोंड फिरवलंस. खरोखर पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिलीस. मला एका बोटाने टाइप करायला चार मिनिटं लागतात, त्यात एकदा चुकलो. तेवढा वेळ तू मे महिन्यातल्या एकादश्या वाचत होतीस. हातात माझ्या घराची सगळी सूत्रं असताना.

पोस्टात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या सॉर्टरने मला सांगितलं होतं, पोस्टकार्ड हातात आलं की पत्ता वाचायचा, मजकूर नाही. डोळा जातोच, पण न्यायचा नाही. ते शिकवायला आता कोणी उरलं नाही असं मी रिटायर झाल्यापासून सगळ्यांना सांगत फिरत होतो. त्या चार मिनिटांनंतर सांगायचं बंद केलं.

पुढचं भराभर झालं. राउटरला नवं अपडेट आलं होतं, पण बाहेर वादळ सुटलेलं, लाइट लपंडाव खेळत होती. अर्ध्यात लाइट गेली तर राउटरच बसेल म्हणून तू ते दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टरवर लावून केलंस. बाहेरून राउटर चालवायची सोय बंद केली. वायफायचं नाव 'आडनाव, प्लॉट नंबर' असं होतं, ते बदललं. मी म्हटलं नावच लपवून टाकू, तर म्हणालीस, दुकानाची पाटी काढली म्हणून दुकान थोडंच नाहीसं होतं. वर आपलाच फोन मग गावभर त्या लपवलेल्या नावाने हाका मारत फिरतो. डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं नवं कुलूप, त्यात हवेतून टिपून घरी नेऊन बघायची सोय राहत नाही, पण काकूचा जुना फोन त्याला ओळखेना. मग जुनं डब्ल्यूपीए२ आणि हे ३ एकत्र ठेवलं, आणि म्हणूनच पासवर्ड लांब हवा हे पुन्हा बजावलंस. राउटर लोखंडी कपाटामागून काढून बैठकीत आणला, आणि नेट रडायचं थांबलं. म्हणजे मूळ तक्रारीत चोरीचा भाग किती आणि कपाटाचा किती, हे विचारू नकोस.

आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क. कूलर तिकडे, टीव्ही तिकडे. तू म्हणालीस, मलाही तिकडेच टाका. मी म्हटलं, तू काय परकी आहेस? तर म्हणालीस, "भाडेकरू आहे ना काका. उद्या मी जाईन, दुसरी कोणी येईल." मला ते तेव्हा थोडं लागलं होतं. मग तू २००८ ची गोष्ट सांगितलीस. अहमदाबादच्या स्फोटांआधी गेलेला धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी पोचले ते त्या घरात राहणाऱ्या माणसाच्या दारात. मेल पाठवणारा आत राहतही नव्हता. पाकिटावर शिक्का आपल्या पोस्टाचा, म्हणजे चौकशीही आपल्याकडेच. हे तर मला कोणी समजवायची गरज नव्हती.

शेजारी सांबारवडी घेऊन गेलो होतो. काय बोललो ते सांगत नाही. त्या पोराची आई विरजण घेऊन गेली त्याच संध्याकाळी.

तू गेलीस त्या दिवशी किल्ली हातात देताना म्हणालीस, "काका, आज गेस्टचा पासवर्ड बदला." बदलला, एकट्याने. पण कूलरला तो नवा पासवर्ड द्यायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. पंप बंद, ताट्या कोरड्या, बाहेर पंचेचाळीस. दोन तास काकू पदराने वारा घेत माझ्याकडे बघत होती. तुला फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. शेवटी प्लगचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, पासवर्ड टाकला, दुसऱ्यांदा बरोबर टाकला, आणि पंप घर्रकन सुरू झाला. काकू म्हणाली, "तिला कळव." म्हणून हे पत्र.

गेटवर पाटी पुन्हा लावली आहे, खोली रिकामी आहे. नंबर तोच, आता तो फक्त फोनचाच.

तुझा स्टीलचा लहान डबा इथंच राहिला. काकूने त्यात संत्रा बर्फी भरून ठेवली आहे, टपालाने पाठवतो. पुण्याचा पत्ता कळव. उघड्यावर नको, मला वेगळा. आणि पिनकोड विसरू नकोस.

तुझा,
खालचा काका