मिसो सूपपुढचे हिरवे चिन्ह

महोदय,

सांगली-मिरजेतील काही कॅफे आणि हॉटेलांच्या मेनूकार्डावर आता सुशी (भाताच्या गुंडाळ्या), रामेन (नूडल्सचे सूप), मिसो सूप ही जपानी पदार्थांची नावे दिसू लागली आहेत, आणि पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुले सुट्टीत घरी आली की आई-वडिलांनाही हौसेने तेथे जेवायला नेतात. नव्या चवीचे स्वागतच आहे. मात्र या मेनूकार्डांवर ‘व्हेज’ हा शब्द ज्या सैलपणाने छापला जातो त्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या जिल्ह्यात जैन व इतर शाकाहारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि ती त्या हिरव्या चिन्हावर विसंबूनच ऑर्डर देतात.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचे पातळ, नितळ सार, ज्यात सूप व सॉस केले जातात. प्रचलित दाशी ‘कोंबू’ हे समुद्रशेवाळ आणि ‘कात्सुओबुशी’, म्हणजे उकडून, धुरावर वाळवून कडक केलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप, यांपासून करतात. काप गाळून टाकल्यामुळे वाटीत मासा दिसत नाही. पण सुकटीचे पाणी घातलेली आमटी सुकट गाळून घेतली म्हणून शाकाहारी होत नाही. ‘मिसो सूपमध्ये काय आहे?’ असे विचारले तर ‘सोयाबीनची पेस्ट आणि टोफू’ असे उत्तर मिळते. ते खोटे नसते, अपुरे असते. वाढणाऱ्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण स्वयंपाकघरात दाशी बहुधा तयार पुडीतून येते आणि त्या पुडीवरचा मजकूर त्याला कोणी वाचून दाखवलेला नसतो. काही मिसो पेस्टमध्ये तर दाशी आधीच मिसळलेली असते. नूडल्सबरोबरचा ‘त्सुयु’ सॉस, आंबटसर ‘पोन्झु’ सॉस, भातावर भुरभुरायचे ‘फुरिकाके’ हे कोरडे मिश्रण यांतही माशाचा अंश वारंवार असतो. टेंपुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात आणि मेयोनेजमध्ये अंडे असू शकते. आपल्या अन्न सुरक्षा नियमांनुसार मासा, अंडे किंवा त्यांपासून केलेला कोणताही घटक असलेला पदार्थ मांसाहारीच ठरतो.

याचा अर्थ शाकाहारी माणसाने जपानी जेवणाकडे पाठ फिरवावी असा नाही. जपानमधील बौद्ध मठांत ‘शोजिन र्‍योरी’ ही पूर्ण शाकाहारी पाकपरंपरा शतकानुशतके चालत आली आहे. तिच्यात मासा-मांस तर नसतेच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो, आणि दाशी केवळ कोंबू व वाळवलेल्या शिताके मशरूमची करतात. त्यासाठी दोन्ही जिन्नस रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवले तरी पुरते. चव कमी पडेल ही भीतीही निराधार आहे. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ज्या ग्लुटामेटमुळे ‘उमामी’ची, म्हणजे सूप-रश्श्यातल्या भरीव रुचकरपणाची, चव येते असे दाखवले, ते त्याने कोंबूमधूनच वेगळे काढले होते. इतकी समृद्ध शाकाहारी वाट मूळ देशातच असताना आपल्याकडे शाकाहारी सुशी म्हणजे पनीर, चीज आणि तिखट मेयोनेज एवढेच समीकरण का व्हावे, हे कोडे आहे.

‘जैन सुशी’ हा प्रकार याहून नाजूक आहे. केवळ कांदा-लसूण वगळून हे नाव दिले जाते. पण सुशीभोवतीची काळसर ‘नोरी’ हे समुद्रशेवाळ आहे, आणि वर सांगितलेल्या शाकाहारी दाशीतही शेवाळ व मशरूम असतात. अनेक जैन घरांत हे दोन्ही निषिद्ध मानतात. ते चालते की नाही हे ज्याने त्याने आपल्या आचारानुसार ठरवावे, परंतु त्यासाठी ताटात काय आहे ते आधी कळले पाहिजे. तो निर्णय हॉटेलचालकाने परस्पर घेऊ नये.

म्हणून शहरातील हॉटेलचालकांना विनंती आहे की दाशी कशाची आहे, पिठात व मेयोनेजमध्ये अंडे आहे का आणि पदार्थात समुद्रशेवाळ किंवा मशरूम आहे का, एवढे तरी प्रत्येक पदार्थाखाली मराठीत छापावे, आणि खात्री नसेल तेथे हिरवे चिन्ह लावू नये. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनीही तपासणीच्या वेळी स्वच्छतेबरोबरच दाशीच्या पुडीवरील आणि सॉसच्या बाटल्यांवरील घटकांची यादी मेनूकार्डाशी ताडून पाहावी.

आपला नम्र,
एक शाकाहारी वाचक, विश्रामबाग, सांगली