मस्कतच्या मशिदीच्या दारात ओढणी देणाऱ्या कौशाच्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुम्ही मुंब्र्याच्या कौशाला राहता, माहेर श्रीवर्धनकडचं, मुलगा मस्कतला नोकरीला. एवढंच लक्षात आहे. आणि तुमची राखाडी ओढणी आमच्याकडे ठाण्यात आहे.

जानेवारीतली गोष्ट. आमची क्रूझ सकाळी मस्कतला लागली होती. सुलतान काबूस मशिदीत आमच्यासारख्या बिगरमुस्लिम पाहुण्यांना सकाळी ८ ते ११ एवढ्याच वेळात सोडतात, शुक्रवारी तेही नाही. जहाजातून उतरायची रांग, मग टॅक्सीवाल्याशी घासाघीस, यात दारात पोचेपर्यंत सव्वादहा झाले. आणि दारातल्या माणसाने आमच्या सासूबाईंना अडवलं. साडी, अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज. मनगटापर्यंत हात झाकलेले हवेत, डोकं झाकलेलं हवं. त्याचं काही चुकलं नव्हतं. नियम मी आधीच वाचून आईंना पंजाबी ड्रेस घाला म्हणून दोनदा सांगितलं होतं. "चौऱ्याहत्तर वर्षांत घातला नाही, आता परदेशात घालू?" हे त्यावरचं उत्तर. तेच भांडण आम्ही दारात पुन्हा सुरू केलं, आणि मागून तुमचा आवाज आला, "काय झालं ताई?"

त्या उन्हात मराठी ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं.

तुम्ही पिशवीतून नमाजाची ओढणी काढलीत, आईंच्या डोक्यावरून घेऊन दोन्ही हात मनगटापर्यंत झाकलेत. तीन पिना पिशवीत होत्या, चौथी स्वतःच्या स्कार्फची काढून लावलीत. "आता बघा, आमच्या खाला दिसता," म्हणालात. आई चक्क लाजल्या. "मी चपलांपाशी बसते, सावकाश बघून या," हेही तुम्हीच म्हणालात.

आत काय पाहिलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तुमच्यामुळे पाहिलं. बाहेरच्या भिंती भारतातून नेलेल्या वालुकाश्माच्या, तब्बल ३ लाख टन. हे कळल्यावर आईंनी भिंतीला हात लावून पाहिला, माहेरचं माणूस भेटल्यासारखा. मुख्य दालनात वर १४ मीटर उंचीचं झुंबर आहे. सगळे माना वर करून तेच बघत होते. आई मात्र खाली. त्यांनी आयुष्यभर क्रोशाचं विणकाम केलंय, त्यामुळे गालिचा सोडून त्यांना काही दिसेना. एकसंध गालिचा, ४,३४३ चौरस मीटर, वजन २१ टन. त्यावर पाय पडू नयेत म्हणून पाहुण्यांसाठी निळी पट्टी अंथरलेली असते. तिच्या कडेला कष्टाने वाकून त्या गाठी बघत राहिल्या. १७० कोटी गाठी, इराणातल्या ६०० बायका, चार वर्षं. मी हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "आणि विणणाऱ्यांचे डोळे? ते कुठे लिहिलंय का?" पुढे बायकांचं दालन लागलं. पुरुषांच्या दालनात ६,५०० माणसं मावतात, इथे ७५०. आईंनी एवढंच म्हटलं, "देवळात तरी काय वेगळं असतं." तुम्ही असतात तर तुम्हालाही हसू आलं असतं, असं मला उगाच वाटतं.

अकरा वाजले तसं सगळ्यांना दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं. आईंच्या गुडघ्यांनी वळसा घालून चपलांपाशी पोचायला वीस मिनिटं लागली. तुम्ही नव्हतात. आमच्या चपला मात्र जोडी जोडीने सावलीत सरकवून ठेवलेल्या होत्या. जहाज सुटायची वेळ होत आली होती, तरी दहा मिनिटं थांबलो.

ठाण्याहून मुंब्रा म्हणजे मधे एक कळवा. पस्तीस वर्षं ठाण्यात राहून मी तिथे कधी उतरले नव्हते. मार्चमध्ये उतरले, कौशाच्या बाजारात दोन दुकानांत चौकशीही केली. मुलगा मस्कतला असलेल्या ताई, म्हटल्यावर दुकानदार हसला. "कुठली? इथे दर दुसऱ्या घरातला मुलगा तिकडे आहे."

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती, मुंब्रा-कौशातल्या ओळखीच्यांना हे पत्र पाठवा.

ताई, ओढणी धुऊन, इस्त्री करून ठेवलीय. तिला तीन पिना लावलेल्या आहेत. चौथी, तुमच्या स्कार्फची, आईंच्या पदराला असते. ती मागितली तर म्हणतात, त्या आल्या की त्यांच्याच हातात देईन.

तुमची,
नौपाड्यातली, दारात भांडणारी सून