रात्रीचं मशीन दिवसा

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मी शेवटपर्यंत विचारलंच नाही. पावतीवर दुकानाचा शिक्का आहे, पण त्यातलं एक अक्षर लागेल तर शपथ. खालचा चहावाला तुम्हाला मास्तर म्हणतो, मंडळाची पोरं मामा म्हणतात. म्हणून नाशिकच्या एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिना चढून गेलं की पहिल्या मजल्यावर ज्यांचं दुरुस्तीचं टेबल लागतं, त्या दादांना हे पत्र. गल्लीतलं कुणीतरी वाचून दाखवेलच.

आभार मानायचे आहेत, पण त्याआधी एक कबुली. 'मशीनचं मेमरी कार्ड कुणी ओढलं?' असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो होतो, एका मोबाइलवाल्याने. ते खोटं होतं. मीच ओढलं. तुम्ही भिंगाखाली कार्ड धरून त्याच्या कडेवरचे दातांचे वळ बघितलेत आणि म्हणालात, 'मोबाइलवाल्याकडे चिमटा असतो, पक्कड नसते.' पुढे एक शब्द बोलला नाहीत. त्या न बोलण्याने माझी जी धुलाई झाली ती अजून सुकलेली नाही.

मूळ प्रकार असा. बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट श्वासच नाही, मग एकदम गचका बसून जाग. चार वर्षांपूर्वीच्या तपासणीत हे तासाला ३८ वेळा होत होतं. पाचाच्या आत असलं तर ठीक म्हणतात, तिसाच्या वर म्हणजे तीव्र. आम्ही आपले वर्षानुवर्षं 'बाबा काय घोरतात!' म्हणून हसत होतो. तेव्हापासून उशाशी हे सीपॅप मशीन. मास्कमधून हवेचा सतत दाब देतं, त्यामुळे वाट मिटत नाही. बाबांना डॉक्टरांनी याचा इतिहासही सांगितलाय आणि तो ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात: सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली पहिल्यांदा हा उपाय करून बघितला, १९८१ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि सुरुवातीची यंत्रं म्हणजे उलटी फिरवलेली व्हॅक्यूम क्लीनरची मोटर. तुम्हालाही ऐकवलंच असतं, पण त्या दिवशी पाऊस होता आणि मी त्यांना आणलं नाही.

तर यंदा श्रावणात बाबांचं सकाळचं डोकं पुन्हा जड व्हायला लागलं. पेपर वाचता वाचता डुलक्या. डॉक्टर म्हणाले, कार्ड घेऊन या. आमचं मशीन जुनं, स्वतःहून इंटरनेटवर काही पाठवत नाही. रात्रभराची सगळी नोंद त्या कार्डावर होते. कार्ड कॉम्प्युटरला लावण्याआधी लॉक करायचं, नाहीतर कॉम्प्युटर त्यात आपलं काहीबाही लिहून ठेवतो, हे आम्हाला शिकवलेलं. चार वर्षं ती कडेची चिमुकली पट्टी वर-खाली, वर-खाली. शेवटी ती निखळून पडली. पट्टीच नाही म्हटल्यावर मशीन कार्ड कायमचं लॉक आहे असं समजायला लागलं आणि नोंद बंद झाली.

इथे माझी हुशारी आडवी आली. एका व्हिडिओत बघितलं, पट्टीच्या खाचेवर सेलोटेप लावली की काम होतं. होतंही. तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी टेपचा गोंद पावसाळी हवेत सुटला, टेप आत गोळा झाली, कार्ड अडकलं. दाबलं की टिक् करून बाहेर यायचं, ते येईना. मग मी पक्कड आणली.

कार्ड बाहेर आलं. त्याबरोबर एक बारीक स्प्रिंगही आली.

कंपनीच्या सेवा केंद्रात (नाव घेत नाही, सगळीकडे हीच तऱ्हा) सांगितलं, स्लॉट (कार्ड बसतं ती खोबण) सुटा मिळत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागेल. सव्वीस हजार, आणि मशीन तीन आठवडे मुंबईला. तीन आठवडे बाबांनी झोपायचं कसं, हे विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं की भाड्याने घ्या. त्याचे वेगळे.

तुमचा पत्ता दिला आमच्या जेल रोडच्या भजनी मंडळातल्या सिंथवाल्याने. मी आलो तेव्हा गणपतीला चार दिवस राहिले होते. जिन्यापासून अ‍ॅम्प्लिफायरची रांग, टेबलावर दिव्यांच्या माळांचे कंट्रोलर, आणि भद्रकालीकडच्या कुठल्याशा मंडळाची तीन पोरं तुमच्या डोक्यावर उभी. मला वाटलं, आपला नंबर अनंत चतुर्दशीनंतर. तुम्ही पिशवीत डोकावलात आणि पहिला प्रश्न विचारलात, 'कार्डाशिवाय चालतं ना हे?'

चालतं, म्हटलं.

'मग आज रात्री चालू दे. उद्या बाबा उठले की दहाला आणा, संध्याकाळी सहाला न्या. रात्रीचं मशीन दिवसा दुरुस्त करायचं.'

पोरांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांना म्हणालात, 'तुमचा आवाज दोन दिवस उशिरा आला तर नाशिककर आभार मानतील.' हेही मला लिहायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी जे बघितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही. स्क्रू काढण्याआधी तुम्ही टेबलाखालून एक पारदर्शक नळी काढलीत, गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली. लाकडी फळीवर यू आकारात तारेने बांधलेली, मध्ये शाळेतली फूटपट्टी, आत पाणी, आणि पाणी दिसावं म्हणून त्यात चिमूटभर कुंकू. मशीनची नळी एका टोकाला जोडून सुरू केलंत. एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसऱ्या बाजूचं वर चढलं, आणि दोघांत बरोबर नऊ सेंटिमीटरचं अंतर राहिलं. डॉक्टरांच्या कागदावर '९ सें.मी.' असं मी चार वर्षं वाचत होतो. सेंटिमीटर कशाचे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पाण्याचे! तुम्ही पाटीवर खडूने ९ लिहिलंत आणि म्हणालात, 'हे बरोबर की चूक ते डॉक्टर ठरवतील. मला फक्त एवढं बघायचंय, की मी बंद करून देईन तेव्हाही हाच आकडा यायला हवा.'

मग बोर्ड बाहेर आला. पंखा आणि हवेचा मार्ग असलेला भाग तुम्ही उघडलाच नाहीत. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, आता उघडलंच आहे तर आतून साफ करून टाका ना. तुम्ही हात थांबवलात. 'याच्यातून माणूस श्वास घेतो. तिथे माझा ब्रश जाणार नाही, माझं केमिकल जाणार नाही.' आणि २०२१ची गोष्ट सांगितलीत, एका मोठ्या कंपनीने जगभरातून लाखो मशिनं परत मागवली होती, कारण आवाज कमी करायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेत यायची भीती होती. तो फोम बसवणारे इंजिनिअर होते, तुम्ही म्हणालात, मी तर रेडिओवाला.

स्लॉट भिंगाखाली बघायला दिलात. कार्डाला टेकणाऱ्या नऊ पिना, कंगव्यासारख्या. त्यातल्या दोन माझ्या पकडीने मागे दुमडलेल्या. कार्ड आत आलंय हे मशीनला सांगणारी बाजूची पातळ पाती उचकटलेली. कार्ड धरून ठेवणारी स्प्रिंग तर माझ्या खिशातल्या कागदाच्या पुडीत होती. कार्डाची जाडी २.१ मिलिमीटर, स्लॉट तेवढ्याचसाठी घडवलेला. तिथे मी टेपचा थर घुसवला होता. पिना सरळ करून देता येतील, तुम्ही म्हणालात, महिनाभर चालतीलही, पण एकदा मोडलेली पाती पुन्हा दाब धरत नाही.

तोवर मला वाटत होतं, स्लॉट म्हणजे स्लॉट, कुठलाही बसेल. तुम्ही व्हर्निअरने पायांमधलं अंतर मोजलंत, खोक्यातले पाच स्लॉट लावून बघितलेत, एकाचेही पाय जुळेनात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, खाली पाती कुठे येते ते प्रत्येकाचं वेगळं. एका जुन्या कॅमेऱ्याच्या बोर्डावरचा जुळला. माझा चेहरा खुलला, आणि तुम्ही तो बाजूला ठेवलात. वापरलेला नको. मग मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फोन, फोटो, मापं. आणि दुसऱ्या संध्याकाळी पंचवटी एक्स्प्रेसच्या तुमच्या कुणा पासधारक मित्राच्या खिशातून ऐंशी रुपयांचा नवा स्लॉट नाशिक रोडला उतरला. दरम्यान मशीन त्याच संध्याकाळी बंद करून, नऊ सेंटिमीटर बघून, मला परत दिलंत. बाबांची एक रात्रही गेली नाही. सेवा केंद्रातल्या माणसाला हे सुचू शकलं नसतं असं नाही. त्याच्या फॉर्मवर बाबांच्या रात्रीसाठी रकाना नव्हता, एवढंच.

तिसऱ्या दिवशीचं काम मी श्वास रोखून बघितलं. शेजारच्या पार्टांवर पिवळी टेप (ही गरम हवेतही गोंद न सोडणारी, हे तुम्ही माझ्याकडे बघून सांगितलंत), फ्लक्स, हॉट एअर, आणि जुना स्लॉट चिमट्याने अलगद उचलला गेला, तव्यावरून धिरडं सुटावं तसा. नवा बसवलात, एकेक पाय डागलात, मग मल्टिमीटर लावून प्रत्येक पायाची बीप ऐकलीत. बोर्ड पुसल्यावर लगेच झाकण लावलं नाहीत. वास पूर्ण जाईपर्यंत तो पंख्याखाली राहिला आणि आपण खाली चहा घेतला. मशीन जोडल्यावर गॅलरीत दोन तास रिकामं फिरवलंत. पुन्हा कुंकवाचं पाणी. नऊ.

साडेसहाशे रुपये घेतलेत. मी हजार ठेवले, तर साडेतीनशे परत करून म्हणालात, 'नवीन कार्ड घ्या त्याचं. आणि कॉम्प्युटरने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा.'

पुढचं तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगतो. नव्या कार्डावर गणपतीचे दहा दिवस नोंद झाली. डॉक्टरांनी ती उघडली. श्वास अडण्याचा आकडा १४. एरवी मशीनवर तो तीनच्या आसपास असतो. दाब बरोबर नऊच, पण मास्कच्या कडेने हवा गळतीय, रोज रात्री, भरपूर. डॉक्टरांनी आलेखावरून नजर उचलून बाबांकडे बघितलं आणि विचारलं, 'काका, दाढी कधीपासून?'

बाबा श्रावण पाळतात. दाढी करत नाहीत. श्रावण संपल्यावर म्हणाले, आता गौरी-गणपती होऊ दे. त्या पांढऱ्या खुंटांवर मास्क टेकतच नव्हता! दीड महिना आम्ही मशीनला शिव्या घालत होतो. आणि डॉक्टरांकडून घरी आलो तर पितृपक्ष लागलेला. बाबा म्हणाले, पंधरवड्यात दाढी करत नसतात, सर्वपित्रीनंतर बघू. आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, 'पितरांना जेवायला घालायचंय, की त्यांच्या पंगतीला जाऊन बसायचंय?'

त्याच संध्याकाळी दाढी झाली. परवाच्या नोंदीत आकडा चारवर आलाय. बाबा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मग आम्हाला वाचून दाखवतात, एवढी एक तक्रार आहे.

तर दादा, मनापासून आभार. स्लॉटबद्दल आहेतच, पण त्याहून जास्त, त्या हवेच्या भागाला हात लावला नाहीत त्याबद्दल, आणि पकडीची गोष्ट माहीत असून चारचौघांत काढली नाहीत त्याबद्दल. आता ती मीच काढली आहे.

आणि हो, तुमची कुंकवाची नळी आमच्या पिशवीतून घरी आली. दुसऱ्याच दिवशी परत द्यायला निघालो होतो, पण बाबांनी ती पलंगाशेजारी खिळ्याला टांगून टाकली होती. नोट प्रेसमध्ये आयुष्य गेलंय त्यांचं, तपासल्याशिवाय काही पुढे सोडत नाहीत. रोज रात्री मास्क लावण्याआधी नळी जोडून नऊ भरतात का बघतात. परवा रात्री अकरा वाजता मला इंदिरानगरला फोन: साडेआठच भरतायत. स्कूटर काढून गेलो. फूटपट्टी सरकली होती.

शनिवारी घेऊन येतो. पाणी थोडं उडालंय, कुंकू आईने नवीन घातलंय.