बाबांची सही मागणाऱ्या आजोबांस

तीर्थस्वरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहायला तीनदा बसलो, पण 'थँक यू'च्या पुढे काही सुचेना. रविवारी शेजारी तुमच्या पोर्चमध्ये बसून ओळीओळीचा अर्थ सांगेन. पण तुम्ही काय केलंत, ते आधी माझ्या भाषेतल्या माणसांना कळू दे.

बाबा साताऱ्याचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली. आमच्याकडे अमेरिकेत, ग्रीन्सबरोला आले आणि सहाव्या आठवड्यात त्यांची उजवी बाजू गेली. दवाखान्याचं लिहीत बसत नाही. चालणं परत आलं, बोलणं बरंचसं आलं, हात मात्र आला नाही. त्यातच पेन्शनच्या कागदावरची सही जुळेना. बँकेच्या काउंटरवरून एक जण माझ्या चुलतभावाला म्हणाला, "अंगठा घ्या ना म्हाताऱ्याचा, काय फरक पडतो?" फोन स्पीकरवर होता. बाबा समोरच बसले होते.

आमच्या आजीने जन्मभर अंगठा लावला. घरात सही करणारे पहिले माणूस म्हणजे बाबा. पगारपत्रकावर सही करायची म्हटलं की हाताचं ग्रीस आधी रॉकेलने धुवायचे, मगच पेन धरायचे. त्या फोननंतर त्यांनी पेनाला हात लावला नाही. आणि मीसुद्धा म्हणालो, "जाऊ दे बाबा, अंगठ्याने काम होतंय ना." ते वाक्य मला अजून टोचतं.

मग तुम्ही यायला लागलात. दर दुपारी, हातात मक्याचा ब्रेड आणि टॅब्लेटवर मोटारींच्या जुन्या शर्यती. रिचर्ड पेटी या शर्यतपटूचं नाव आमच्या घरात तुम्ही आणलंत. त्याचं गाव लेव्हल क्रॉस इथून जेमतेम अर्ध्या तासावर, आणि आम्हाला इतक्या वर्षांत पत्ता नव्हता. बाबांना तुमचं इंग्रजी अर्धंच कळायचं, पण इंजिनाचा आवाज पुरता कळायचा. १९५९च्या लेकवूडच्या शर्यतीची गोष्ट तुम्ही हातवारे करून सांगितलीत. बावीस वर्षांच्याही आतला रिचर्ड जिंकला म्हणून झेंडा पडला, तर त्याच शर्यतीत गाडी चालवणाऱ्या त्याच्या वडिलांनी, ली पेटींनी, हरकत घेतली. मोजणी पुन्हा झाली आणि विजय वडिलांच्या नावावर गेला! बाबा हसले. आजारानंतर पहिल्यांदाच, अर्ध्या चेहऱ्याने. "बाप असावा तर असा," म्हणाले.

१९७९ची डेटोना ५०० ही शर्यत तर तुम्ही दोघांनी कितीदा पाहिली असेल. दोनच महिन्यांपूर्वी अल्सरमुळे पोटाचा मोठा भाग काढलेला रिचर्ड तिसऱ्या नंबरवर, पुढच्या दोघांच्या कितीतरी मागे होता. शेवटच्या फेरीत ते दोघे एकमेकांवर आदळले आणि त्याची ४३ नंबरची गाडी पुढे निघून गेली. ऑपरेशनचं तुम्ही मुद्दाम दोनदा सांगितलंत. का सांगितलंत, ते बाबांना कळलं होतं.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारचं. तुम्ही शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड काढलंत. आकाशी निळी गाडी, तिच्यावर ४३, आणि काळ्या शाईत पेटीची सही. मार्टिन्सव्हिलच्या शर्यतीच्या मैदानावर रांगेत उभं राहून मिळवलेली. कधीची, तेही सांगितलंत. पेटीचा २००वा विजय १९८४च्या ४ जुलैला झाला, त्यानंतरच्या वर्षांतली. त्या विजयानंतर १९९२ साली निवृत्त होईपर्यंत तो माणूस एकही शर्यत जिंकला नाही. आठ वर्षं. तरी रांगेतल्या प्रत्येकाला तो तशीच सही द्यायचा, पूर्ण, वळणदार, सगळी वेलांटी सांभाळून. इथल्याच बिझनेस कॉलेजात त्याने अक्षराचे धडे घेतले होते म्हणे. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला नाव वाचता आलं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

बाबांनी ती सही बोटाने गिरवली. तेव्हा तुम्ही कार्ड पाकिटातून बाहेर काढलंत, पालथं केलंत, मार्करचं टोपण उघडून मार्कर बाबांच्या उजव्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता तुमची सही हवी."

मी पुढे होणार होतो. ते कार्ड खराब होईल, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं जपलंय, असं म्हणणार होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. खुर्ची मागे सरकवून हाताची घडी घातलीत आणि थांबलात. आमच्या आडनावातला 'ळ' काढायला बाबांना किती वेळ लागला! एक गोल झाला, हात थांबला, मार्कर घसरला, पुन्हा टेकला, मग दुसरा गोल. तुम्ही घड्याळ पाहिलं नाहीत, "शाब्बास"सुद्धा म्हणाला नाहीत. सही झाल्यावर शाईवर फुंकर घातलीत, कार्ड पाकिटात ठेवलंत आणि खिशात टाकलंत. पेटीच्या सहीच्या पाठीवर माझ्या बाबांची सही.

आजोबा, त्या काउंटरवरच्या माणसाला घाई होती. मलाही घाईच होती. बाबांसाठी थांबलात ते तुम्ही, सातारा नकाशावर कुठे आहे हे ठाऊक नसलेले. औषधं, व्यायाम, सगळं आम्ही केलं, पण त्या हाताकडून कोणी काही मागितलं नव्हतं. अशी माणसं शेजारी असतात, आणि आपण वर्षानुवर्षं नुसता हात हलवून गाडी गॅरेजमध्ये घालत राहतो.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी वही मागवली. रोज एक पान. बँकेचं पुढे काय झालं ते महत्त्वाचं नाही. साताऱ्याला परत गेले तेव्हा वहीही सोबत नेली.

या पत्राचा कागद आधी त्यांच्याकडे पाठवला होता, तो काल परत आला. खाली बाबांची सही आहे. 'ळ' थोडा तिरका झालाय, पण सगळी अक्षरं आहेत.

तुमचा,
पलीकडच्या घरातला मुलगा