सोलापुरात येऊन सोलापूरकरांच्या बोलीवर हशा कशासाठी?

महोदय,

निवृत्त शिक्षकांच्या अधिवेशनासाठी लातूर जिल्ह्यातून आम्ही काही जणी जानेवारीत सोलापुरात आलो होतो. व्यवस्था चांगली होती. जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि वाढणारी मुले आग्रहाने वाढत होती. पेन्शनचे ठरावही झाले. मला लिहायचे आहे ते उद्घाटनाच्या भाषणाबद्दल.

पाहुण्या वक्त्यांनी सुरुवातीला नेत्यांच्या नकला केल्या. कोणी किती पक्ष फिरून आले, कोण कोणाच्या गाडीत बसले. मीही पोटभर हसले. सत्तेतल्या माणसाची टोपी उडवायची नाही तर कोणाची? तमाशातला सोंगाड्या बतावणीत पाटलाची फिरकी घेतो आणि समोर बसलेल्या पाटलालाही हसावे लागते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मग मात्र वक्त्यांची गाडी घसरली. तेलुगू आणि कन्नड घरांतले सोलापूरकर मराठी कसे बोलतात याची त्यांनी हेल काढून नक्कल सुरू केली. बाहेरगावचे प्रतिनिधी खदखदून हसले. आमच्या रांगेशेजारी पाण्याचे ग्लास घेऊन उभी असलेली स्वयंसेवक मुलगी हसली नाही. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती बाहेर गेली. व्यासपीठाकडे मी चिठ्ठी पाठवली, ती कोणी वाचली नाही. म्हणून हे पत्र.

त्या मुलीला मी नंतर गाठले. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातली, शाळा पहिलीपासून मराठी, आजोबा गिरणीत होते, आई विड्या वळते. दुसऱ्या दिवशी दुपारचे सत्र सोडून मी तिच्याबरोबर शहराच्या पूर्व भागात तिच्या घरी गेले. दारात पाच-सहा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. बोलताना कोणाचाही हात थांबत नव्हता. मी निवडणुकीचा विषय काढला, तेव्हा त्यांतल्या सर्वांत वयस्क बाई म्हणाल्या, "मत मागायला येतात तेव्हा सगळ्यांना तेलुगू येतंय. नळाला पाणी कधी येणार विचारलं की मराठी बी विसरतेत." उजनी धरण याच जिल्ह्यात आहे आणि शहरात रोज पाणी येत नाही. त्या बाई कधी माइकसमोर उभ्या राहिल्या नसतील, पण राजकीय विनोद कोणावर करायचा हे त्यांना नेमके कळते. अधिवेशनात ऐकलेला एकही विनोद मला आता धड आठवत नाही. हा आठवतो.

तिथून आम्ही रिक्षाने सिद्धेश्वर तलावावर गेलो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी वचने लिहिली ती कन्नडमध्ये, आणि आज त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांमागे मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे बाराबंदी घालून चालतात. याच यात्रेतली गड्ड्याची जत्रा भरलेली होती. पाळणे, खेळणी, बांगड्यांची दुकाने आणि तुडुंब गर्दी. एका बांगडीवाल्याने माझ्याआधीच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भाव केला, माझ्याशी मराठीत, आणि पोराला हाक मारली उर्दूत. तिथे कोणी कोणाच्या हेलावर हसत नव्हते. इतक्या लोकांचा तो मेळावा व्यासपीठाशिवाय नीट चालला होता.

परतताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर लष्करी कायदा लादला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. शाळेत मी हा धडा शिकवला आहे, पण ही चार नावे एका ओळीत उभी पाहिली ती त्या संध्याकाळी. कोणाच्या घरात कोणती भाषा होती हे त्यांना फासावर चढवणाऱ्यांनी विचारले नव्हते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे स्मारक पाहायचे राहिले, कारण समारोपाला पोचायचे होते. समारोपातही गावाचा उल्लेख "चादरींचे शहर" एवढाच झाला.

आयोजकांना माझी विनंती आहे. पुढचे अधिवेशन नांदेडला भरो की जळगावला, वक्त्यांना आदल्या दिवशी बोलवा आणि पहिली सकाळ गाव पाहायला मोकळी ठेवा. गाव दाखवायला तिथलीच माणसे घ्या, त्याचे मानधन द्या. सत्कार आणि शाली कमी केल्या तर वेळही निघेल आणि पैसेही. नेत्यांवर वाटेल तेवढे हसा, आम्ही टाळ्या वाजवू. यजमानांच्या बोलण्यावर हसणे मात्र शिक्षकांच्या मंचावर पुन्हा होता कामा नये. त्या सभागृहात राबलेल्या मुलामुलींना आयोजकांनी लेखी दिलगिरी कळवावी. त्या पत्रावर सही करायला मी लातूरहून येईन.

एक निवृत्त शिक्षिका,
लातूर जिल्हा