बदनामी झाली? ठाण्याआधी पुराव्याकडे बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरीला चोर म्हटले, इतवारीतल्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघाल्याची आवई उठवली, शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या चारित्र्यावर फेसबुकवर शिंतोडे उडवले, की ज्याची बदनामी झाली तो माणूस तडक पोलीस ठाणे गाठतो. नागपुरात हे वरचेवर चालते. ठाण्यातून ‘एनसी’ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती मिळते आणि आता पोलीस बघून घेतील, या भरवशावर तक्रारदार घरी जातो. पोलीस काही बघत नाहीत आणि यात त्यांचा दोषही नाही. बदनामी हा अदखलपात्र (न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीच्या मजकुराला जुन्या दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमे) दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. पण न्यायालय त्याची दखल घेते ती ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार दाखल केली तरच. पोलिसांचा अहवाल इथे चालत नाही. ‘६६-अ लावा’ असा हट्ट अजूनही काही जण धरतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केले आहे.

अपवाद लक्षात ठेवावेत. तुमच्या नावाने बनावट खाते काढले, फोटोत फेरफार करून अश्लील चित्र पसरवले, किंवा ‘पैसे दे, नाहीतर टाकतो’ अशी धमकी दिली, तर ते निव्वळ बदनामीच्या पलीकडचे दखलपात्र गुन्हे आहेत. तिथे सायबर पोलीस किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल हाच रस्ता आणि तोही त्याच दिवशी.

एनसीच्या भरवशावर बसण्यातला खरा तोटा मुदतीचा. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. फौजदारी तक्रारीला तीन वर्षे मिळतात. एनसीच्या पावतीने यातला एकही दिवस थांबत नाही. पोस्ट अजून दिसते आहे, म्हणजे मुदत रोज नव्याने सुरू होते, हा समजही महागात पडतो. इंटरनेटवरच्या मजकुरालाही पहिल्या प्रसिद्धीपासूनच मुदत मोजावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. वकिलाकडे अकराव्या महिन्यात जाणाऱ्याचे निम्मे प्रकरण आधीच हातचे गेलेले असते, कारण तोवर ग्रुपही बंद झालेला असतो आणि साक्षीदारांची आठवणही विरलेली असते.

मुळात बदनामी झाली का, हे आधी थंड डोक्याने तपासावे. एखाद्याने फक्त तुम्हालाच, तुमच्याच नंबरवर घाणेरडा मेसेज पाठवला तर तो दुसरा गुन्हा असू शकेल, बदनामी नव्हे. मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. आरोप खरा असेल तर दिवाणी दावा टिकत नाही. फौजदारीत मात्र आरोपीला तो खरा असल्याचे आणि लोकहितासाठी केल्याचेही दाखवावे लागते. सोसायटीच्या हिशेबाबद्दल एखाद्या सभासदाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे सद्भावनेने तक्रार केली, तर कायदा त्याला संरक्षण देतो आणि ते योग्यच आहे. पण तोच तक्रार अर्ज त्याने अडीचशे जणांच्या ग्रुपवर टाकला, की ते संरक्षण पातळ होते.

आता पुरावा. इथेच बहुतेक प्रकरणे ढासळतात. ज्याला राग आला तो स्क्रीनशॉट काढतो, त्यातला ‘तेवढाच’ भाग कापून ठेवतो आणि फोन मात्र दिवाळीत बदलतो. कापलेल्या चित्राला न्यायालयात फारशी किंमत नाही. ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ एकाच चित्रात यायला हवी. नाव नको, नंबरच हवा, कारण फोनवर दिसणारे नाव तुम्ही साठवलेले असते आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. त्या माणसाची ‘इन्फो’ उघडून नंबर दाखवणारे, मग तिथून मागे येत मूळ मेसेज दाखवणारे सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवावे. ‘एक्सपोर्ट चॅट’ने पूर्ण संवाद काढावा. त्यात तुमचे तिखट उत्तर असेल तर तेही राहू द्यावे, लपवले तर समोरचा वकील ते काढणारच. फेसबुकवर पानाची नव्हे, त्या एका पोस्टची लिंक जपावी. मूळ फोन रीसेट करू नये, विकू नये.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. पहिला, ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. ही अक्षरे-आकड्यांची लांब ओळ असते आणि फाइलमध्ये एक टिंब बदलले तरी ती बदलते. म्हणून फाइल आधी जतन करावी, मग हॅश काढावा आणि त्यानंतर त्या फाइलला हात लावू नये. मूळ उपकरण न्यायालयात आणणार नसाल तर प्रमाणपत्राला पर्याय नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक प्रकरणात जुलै २०२० मध्ये जुन्या साक्ष कायद्यातल्या ६५-ब कलमाबाबत स्पष्ट केले होते. एक बारकावा बरेच जण विसरतात. तुम्ही त्या ग्रुपमध्ये नसाल आणि मित्राने स्क्रीनशॉट पाठवला असेल, तर मूळ उपकरण मित्राचे. प्रमाणपत्र त्याने द्यायचे, साक्षही त्यानेच द्यायची. तो तयार आहे का, हे दावा लावण्याआधी विचारून घ्यावे.

साक्षीदार दोन-तीन पुरेत, पण ते तुमचे नातेवाईक नसावेत. मजकूर वाचला, तो तुमच्याबद्दलच आहे हे कळले आणि तुमच्याविषयीचे मत बिघडले, एवढे त्यांनी सांगायचे. टोमण्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे असते. ‘टाकी जुनीच राहिली, गाडी मात्र नवी आली’ या ओळीत कुणाचे नाव नाही की चोरी हा शब्दही नाही. पण पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा झालेल्या सोसायटीत ती कुणाला आणि कशासाठी आहे, हे प्रत्येक सभासदाला समजते. उपरोधानेही बदनामी होते, हे कायद्याला मान्य आहे. मात्र दाव्यात ती ओळ जशीच्या तशी, त्याच बोलीत लिहावी लागते आणि तिचा रोख कसा कळतो तेही मांडावे लागते. ‘आक्षेपार्ह मजकूर टाकला’ एवढेच लिहिलेला दावा लंगडा.

ग्रुपच्या ॲडमिनला ओढायचा मोह आवरावा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले आहे की, समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पुढे ढकलणारे मात्र ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ म्हणून निश्चिंत राहू शकत नाहीत.

दाव्याआधी खासगी व्यक्तीला नोटीस देणे सक्तीचे नाही, पण शहाणपणाचे आहे. (सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.) त्यात नेमके शब्द, तारीख, वेळ, ग्रुप, त्यातले खोटे काय आणि मागणी काय, एवढेच असावे. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. नोटिशीत समोरच्याची जुनी लफडी काढू नयेत आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकून फुशारकी मारू नये. तसे केले की उलट दाव्याला निमंत्रण दिले म्हणून समजा. माफी मिळत असेल तर तिचा मसुदा आधी लेखी ठरवावा: त्याच ग्रुपवर, त्याच नंबरवरून, आरोप खोटा होता असे स्पष्ट म्हणणारी आणि महिनाभर न पुसलेली. ‘कुणी दुखावले असल्यास क्षमस्व’ ही माफी नव्हे. आमच्या मते शेजाऱ्यापाजाऱ्यांची निम्मी प्रकरणे इथेच संपवण्यासारखी असतात.

पुढे जायचेच तर काय वाट्याला येते ते आधी समजून घ्यावे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी मिळते, म्हणजे तारखा वाढतात. आरोपी पुण्यात किंवा आणखी कुठे राहत असेल तर समन्स काढण्याआधी चौकशीही होते. तक्रारदारच तारखांना गैरहजर राहत गेला तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी लागते, म्हणून पाच कोटींचा आकडा बातमीपुरता बरा दिसतो. इतवारीच्या व्यापाऱ्याने रद्द झालेल्या ऑर्डरी, उधारी बंद केल्याची घाऊक विक्रेत्याची पत्रे आणि आधीच्या-नंतरच्या वर्षाची विवरणपत्रे जोडून दोन लाख मागितले, तर ते जास्त वजनदार ठरते. अंतरिम मनाई सहज मिळेल, असेही धरू नये. वृत्तमाध्यमाविरुद्धच्या एका दाव्यात सुनावणीआधीच लेख हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला आणि असे आदेश अपवादानेच द्यावेत, असे बजावले.

शेवटी वृत्तपत्रांबद्दल. बातमीतून बदनामी झाली असे वाटल्यास आधी संपादकांना लेखी कळवावे, समाधान झाले नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जावे. दैनिक आणि साप्ताहिकांबाबत दोन महिन्यांत. परिषद भरपाई देत नाही. ताकीद देते, निषेध नोंदवते. परंतु खर्च नगण्य आणि वकिलावाचूनही चालते. आपल्यासारख्या दैनिकांना एक विनंती: पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेल्या आरोपाचा खुलासा सातव्या पानाच्या तळाशी चार ओळींत न देता त्याच पानावर द्यावा आणि ई-पेपर व संकेतस्थळावरच्या मूळ बातमीलाही तो जोडावा. नोकरी देणारा किंवा सोयरीक जुळवणारा माणूस आज संकेतस्थळावरची मूळ बातमीच शोधून वाचतो.

आपले,
दोन वकील वाचक, धंतोली, नागपूर